बिऱ्हाड हलते फायलींचे!

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. माणसाचे बिऱ्हाड मात्र इतके सुटसुटीत नसते. ज्यांनी घर बदलले आहे त्यांना विचारा! ट्रंका, डबे, भांडी, पुस्तके टेम्पोत चढतात, नव्या घरी उतरतात आणि मग चार दिवस किसणी सापडत नाही. एखादे प्रगतिपुस्तक तर कायमचेच नाहीसे होते.

मित्रांनो, आज आपण अशाच एका बिऱ्हाडाचा विचार करणार आहोत. हे बिऱ्हाड आहे फायलींचे.

जुने घर आणि नवे घर

पुष्कळ शाळांत व कचेऱ्यांत एक संगणक सर्वांच्या सामाईक कपाटासारखा वापरतात. त्याला फाइल सर्व्हर म्हणतात. निकालपत्रके, हजेरी, पगारपत्रके, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे असे सारे त्यात ठेवलेले असते आणि इतर संगणकांवरून ते उघडता येते. कालांतराने तो संगणक जुना होतो, त्याची डिस्क भरत येते. मग ठरते, की सर्व फायली ‘क्लाउड’वर न्यायच्या.

क्लाउड म्हणजे ढग. पण या फायली काही आकाशात तरंगत नसतात! त्या जमिनीवरच्या भक्कम इमारतींत, हजारो संगणकांच्या डिस्कवर साठवलेल्या असतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली भारतात अशी केंद्रे सुरू केली ती पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे. तेव्हा तुमच्या फायलींचा ‘ढग’ कदाचित पुण्यातच असेल!

“मग त्यात काय अवघड? इथून उचलायचे आणि तिथे ठेवायचे!” असे तुम्ही म्हणाल. जरा थांबा. मायस्पेस नावाच्या एका प्रसिद्ध संकेतस्थळावर जगभरातले हौशी कलावंत आपली गाणी ठेवत असत. २०१९ साली त्यांना कळले, की सर्व्हर बदलण्याच्या कामात जुनी गाणी नष्ट झाली आहेत. गेलेल्या गाण्यांची संख्या सुमारे ५ कोटी असल्याचे सांगितले गेले. पुढे एका अभ्यासगटाने पूर्वी उतरवून घेतलेली सुमारे ४ लाख ९० हजार गाणी लोकांना परत ऐकता आली. म्हणजे शंभरातले जेमतेम एक गाणे वाचले! चोरी नाही, आग नाही. केवळ घर बदलताना हे घडले.

आधी मोजदाद

म्हणून पहिले काम सामानाची यादी करणे. एकूण फायली किती? त्यांचा आकार किती? कोणती फाइल शेवटची कधी उघडली? कोणाची आहे? अशी यादी केली की गंमत दिसते. ‘निकाल-अंतिम’, ‘निकाल-अंतिम-२’, ‘निकाल-खरोखर-अंतिम’ अशी तीन भावंडे शेजारी नांदत असतात! त्यांतली खरी कोणती, हे यंत्राला ठरवता येत नाही. ते फाइलीच्या मालकालाच विचारावे लागते. नको असलेले सामान नव्या घरी नेऊ नये, पण विचारल्याशिवाय टाकूही नये.

किती दिवस लागतील?

आता थोडे गणित करू. समजा, शाळेच्या फायली ४ टेराबाइट आहेत. १ टेराबाइट म्हणजे १ लाख कोटी बाइट आणि १ बाइट म्हणजे ८ बिट. तेव्हा एकूण बिट झाले ३२ लाख कोटी. इंटरनेटची तार सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे १० कोटी बिट पाठवते असे धरू. भागाकार करा. उत्तर येते ३,२०,००० सेकंद, म्हणजे सुमारे ३ दिवस १७ तास.

पण शाळेची इतर कामेही त्याच तारेवरून चालतात. निम्मीच तार आपल्या वाट्याला आली, तर साडेसात दिवस लागतील. शिवाय अनेक जोडण्यांत माहिती वर पाठवण्याचा वेग खाली उतरवण्याच्या वेगाहून कमी असतो. तो २० मेगाबिट असेल, तर याच कामाला साडेअठरा दिवस!

फायलींची संख्याही महत्त्वाची. प्रत्येक फाइल पाठवताना नाव सांगणे, जागा मागणे, पोच घेणे असे उपचार करावे लागतात. समजा, त्यासाठी दर फाइलीमागे सेकंदाचा दहावा भाग गेला आणि फायली एकामागून एक पाठवल्या, तर ४० लाख फायलींच्या उपचारांतच साडेचार दिवसांहून अधिक काळ जाईल. एक पोते उचलणे सोपे, पण सांडलेले दाणे एकेक वेचणे कठीण, तशातलाच हा प्रकार!

सामान फारच मोठे असेल, तर तारेपेक्षा रस्ता बरा. अॅमेझॉन कंपनीने २०१६ साली १०० पेटाबाइट माहिती वाहून नेणारा, ४५ फूट लांबीच्या कंटेनरचा ट्रकच काढला होता. (ही सेवा २०२४ पर्यंत बंद झाली.) एवढी माहिती सेकंदाला १०० कोटी बिट या वेगाने तारेवरून पाठवली, तर पंचवीस वर्षांहून अधिक काळ लागेल. स्वतः हिशेब करून खात्री करा.

नावांचे घोटाळे आणि किल्ल्या

नव्या घराचे दरवाजे जुन्या घरासारखेच असतील असे नाही. लिनक्स प्रणालीत रोमन लिपीतील लहान व मोठी अक्षरे वेगळी मानतात. एकच नाव एकदा मोठ्या आणि एकदा लहान आद्याक्षराने लिहिले, तर त्या दोन फायली होतात. नव्या ठिकाणी हा भेद मानत नसतील, तर दुसरी फाइल पहिलीच्या जागी बसते आणि पहिली गडप होते!

आपल्या मराठी नावांची आणखी एक गोष्ट. लिनक्सवर फाइलीचे नाव सहसा २५५ बाइटपर्यंतच असू शकते. तिथे इंग्रजी अक्षराला १ बाइट पुरतो. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला ३ लागतात. काना, मात्रा, अनुस्वार हीही स्वतंत्र चिन्हेच. म्हणजे देवनागरी नाव ८५ चिन्हांतच संपवावे लागते. अशी लांब नावे निघण्यापूर्वीच शोधून काढलेली बरी.

किल्ल्यांचा प्रश्न तर फार नाजूक. प्रश्नपत्रिकांचा कप्पा फक्त मुख्याध्यापकांना उघडतो. ही परवानगी फाइलीच्या आत नसते. ती सर्व्हरवर वेगळी लिहिलेली असते. फाइल गेली, पण परवानगी मागे राहिली, तर नव्या घरी तो कप्पा सर्वांना खुला होईल किंवा कोणालाच उघडणार नाही. म्हणून किल्ल्यांचीही यादी हवी.

चूल शेवटी हलते

नकलेला आठवडा लागणार. तेवढे दिवस शाळा बंद ठेवायची काय? नाही. आई घर हलवताना काय करते ते आठवा. ट्रंका आधी जातात, चूल सर्वांत शेवटी हलते. इथेही तसेच. शाळा चालू असतानाच पहिली मोठी नक्कल पाठवतात. तेवढ्यात काही फायली बदलतात. मग फक्त बदललेल्या पाठवतात. ही फेरी लहान असते, पुढची त्याहून लहान. शेवटी एखाद्या शनिवारी संध्याकाळी जुन्या सर्व्हरवर लिहिणे बंद करतात, उरलेसुरले पाठवतात, आणि सोमवारी सर्वजण नव्या पत्त्यावर काम सुरू करतात. तत्पूर्वी एका लहान विभागाची रंगीत तालीम केली, तर बऱ्याच चुका तिथेच सापडतात.

पोचले ते तेच आहे का?

फायली पोचल्या, पण जशाच्या तशा पोचल्या का? एक युक्ती पाहा. ४७२९ या संख्येच्या अंकांची बेरीज २२. वाटेत दोन अंकांची अदलाबदल होऊन ४७९२ झाले, तरी बेरीज २२च! चूक निसटली. आता प्रत्येक अंकाला त्याच्या स्थानाने गुणू. ४×१ + ७×२ + २×३ + ९×४ = ६०. बदललेल्या संख्येचे उत्तर मात्र ५३ येते. चूक पकडली गेली!

याच कल्पनेचे अतिशय कसलेले रूप म्हणजे एसएचए-२५६ ही रीत. ती कोणत्याही फाइलीचा २५६ बिटांचा ‘अंगठ्याचा ठसा’ काढते. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. जुन्या व नव्या फाइलीचे ठसे जुळले, की निर्धास्त व्हावे.

आणि तरीही जुने घर लगेच मोडू नये. ते काही आठवडे केवळ वाचण्यापुरते ठेवावे. नव्या घराचीही एक नक्कल अन्यत्र असावी. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या केंद्राला आग लागून एक संपूर्ण इमारत जळाली. ज्यांची दुसरी नक्कल दुसऱ्या गावी होती, ते सावरले. ढगालाही आग लागू शकते! महत्त्वाच्या माहितीच्या तीन नकला, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, हा जुनाजाणता नियम विसरू नका.

करून पाहा

१. घरच्या संगणकातील किंवा फोनमधील छायाचित्रांची संख्या आणि एकूण आकार लिहून काढा.
२. तुमच्या जोडणीचा वर पाठवण्याचा वेग मोजा आणि सर्व छायाचित्रे पाठवण्यास किती वेळ लागेल ते काढा.
३. ४७२९ मधील एकच अंक बदला. स्थानाने गुणून केलेली बेरीज ती चूक पकडते का? आता दोन अंक असे बदला, की बेरीज ६०च राहील. अशी किती उदाहरणे सापडतात?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना तुमच्या लक्षात येईल, की साधा ठसा का पुरत नाही.