पगची आई कुठे असते?

प्रश्न : आमचा पग चार वर्षांचा आहे. मे महिन्यात संध्याकाळी वाकोल्याच्या बाजारापर्यंत नेला तरी घुरघुरत रस्त्यातच बसकण मारतो. डॉक्टर म्हणतात, ‘जातच तशी.’ मग अशी कुत्री पैदा करण्यावर सरकार बंदी का घालत नाही?
– एक वाचक, सांताक्रूझ (पूर्व)

उत्तर : तुमचा पग का बसतो, याचं अर्धं उत्तर तुमच्याच उपनगरात रोज मोजलं जातं. बातम्यांत मुंबईच्या तापमानाबरोबर सांताक्रूझ वेधशाळेतल्या आर्द्रतेचाही आकडा येतो. पग पाळणाऱ्यानं आधी तो वाचावा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धाप लागली की जिभेवरचा, नाकातला ओलावा उडतो आणि अंग निवतं. दमट हवेत तो नीट उडत नाही. त्यात पगचं मुस्कट चेपलेलं. हाड आखूड झालं, पण आतलं मांस तेवढं कमी झालं नाही, म्हणून टाळूचा मऊ भाग घशात लोंबतो.

आज रात्री दिव्याखाली त्याच्या नाकपुड्या बघा. श्वास घेताना त्या आणखी मिटत असतील, तर नाकपुड्या रुंद करण्याच्या आणि टाळूच्या शस्त्रक्रियेबद्दल डॉक्टरांना विचारा. ‘जातच तशी’ हे काही निदान नव्हे.

आणि जात तशी माणसानंच केली. दर पिढीत जास्त चपट्या तोंडाचं पिल्लू निवडत गेलं की हेच होणार. आपल्याकडे 2003 मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग दिसला आणि घरोघरी तोच हवा झाला.

आता कायद्याकडे येऊ. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे केंद्राचे नियम 2017 पासून आहेत. ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. मादी दीड वर्षाची होईपर्यंत तिची वीण घ्यायची नाही, वर्षातून एकदाच घ्यायची, आयुष्यात पाचाच्या वर नाही. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडून विकायचं नाही. नियम चांगले आहेत, पण विकत घेणारा त्या आईला बघतच नाही. पिल्लू टोपलीतून किंवा खोक्यातून दारात येतं. ती कुठल्या पिंजऱ्यात कितव्यांदा व्याली, हे कोण विचारतं? शिवाय 1960 च्या मूळ कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. पिल्लू हजारोंत विकणाऱ्याला याची कसली भीती?

इंग्लंडनं नेमकं या आईलाच पुढे आणलं. पिल्लांच्या कारखान्यातून सुटलेल्या ल्युसी नावाच्या मादीच्या नावानं एप्रिल 2020 पासून तिथे कायदा लागू आहे. सहा महिन्यांखालचं पिल्लू दुकानदारानं वा दलालानं विकायचं नाही. विकत घ्यायचं तर ते ब्रीडरकडूनच, आईसोबत बघून घ्यायचं. नेदरलँड्सनं मुस्कट मोजलं : कवटीच्या साधारण एक तृतीयांशाहून आखूड असेल, तर त्या कुत्र्याची वीण घेता येत नाही. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये कॅव्हेलियर जातीची पैदास बेकायदा ठरवली, बुलडॉगला मात्र सवलत दिली.

सरसकट बंदी मला नको आहे. मराठवाड्यातला कारवान बघा : लांब मुस्कट, खोल छाती, उन्हात सशामागे धावणारा. जाणत्या माणसांनी निवडून वीण घेतली म्हणूनच तो टिकला. ती थांबवली तर हा कुत्रा संपेल. पण ज्या तोंडानं श्वासच घेता येत नाही, ते तोंड मुद्दाम घडवण्यावर बंदी हवीच, आणि तीही डच लोकांसारखी मापाची पट्टी लावून. मुंबईच्या हवेत तर त्यांच्याहून आधी हवी होती.

तोवर एक गोष्ट तुमच्या हातात आहे. सोसायटीच्या ग्रुपवर ‘आमच्या पगसाठी मादी हवी, एकदा तरी पिल्लं व्हावीत’ असे निरोप फिरतात. तुम्ही त्यात पडू नका, त्याची नसबंदी करून घ्या. भूल देण्याआधी त्याचा श्वास मात्र डॉक्टरांकडून तपासून घ्या. गळ्यातला पट्टा काढून छातीवरचा हार्नेस लावा, वजन वाढू देऊ नका. मे-जूनमध्ये त्याला उजाडतानाच फिरवून आणा. वाकोल्याच्या बाजाराला संध्याकाळी तुम्ही एकटेच जा.