घटक ४ : गावाचे नाव आणि ऑनलाइन दप्तर



मागील घटकात आपण ग्रामनामांची घडण अभ्यासली. त्या अभ्यासाचा एक अगदी व्यावहारिक उपयोग या घटकात पाहावयाचा आहे. संपर्कसत्रांमध्ये एक वाक्य दरवर्षी ऐकू येते : "आमच्या गावाचं इंटरनेटवर काहीच नाही." हे वाक्य उच्चारणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडी खंत असते आणि थोडे समाधानही, कारण प्रकल्पाचा विषय बदलण्यास सबळ कारण मिळालेले असते. परंतु शोधपेटीत एकदा नाव लिहून 'काही आढळले नाही' असे उत्तर आले, म्हणजे गावाला इतिहास नाही असे सिद्ध होत नाही. आपण लिहिलेल्या अक्षरांशी तंतोतंत जुळणारी अक्षरे त्या संग्रहात नाहीत, एवढेच त्यातून कळते. या दोन विधानांतील अंतर ओळखणे हे भाषेच्या विद्यार्थ्याचे काम आहे.

उदाहरणासाठी आपण वाशीम जिल्ह्यातील, मालेगाव तालुक्यातील जऊळका हे गाव घेऊ. अकोला-पूर्णा लोहमार्गावर येथे स्थानक आहे आणि गावाचे नाव 'जऊळका रेल्वे' असेही लिहिले जाते.

४.१ एका नावाची अनेक रूपे

प्रथम हे नाव किती प्रकारे लिहिता येईल याचा विचार करा. जऊळका, जउळका, जवूळका, जवळका. आपल्या कानाला ही रूपे जवळजवळ एकच वाटतात. यंत्राला मात्र ती चार वेगळी नावे वाटतात. देवनागरीत ऱ्हस्व 'उ' आणि दीर्घ 'ऊ' यांना स्वतंत्र संकेतांक आहेत. जुन्या दप्तरांत हा भेद पाळला जात नसे, कारण मोडी लिपीत इकार आणि उकार यांची ऱ्हस्व-दीर्घ रूपे सामान्यतः वेगळी लिहीत नाहीत. मोडी कागदाचे देवनागरीत लिप्यंतर करणाराने जे रूप निवडले, तेच पुढे संग्रहात रूढ होते. म्हणजे ज्या 'ऊ'वर आपला शोध अडतो, तो मूळ कागदावर असतोच असे नाही.

रोमन लिपीत गेल्यावर अडचण वाढते. 'ळ'साठी त्या लिपीत स्वतंत्र अक्षर नाही. इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरांत आणि जनगणनेच्या कोष्टकांत 'ळ' व 'ल' एकाच अक्षराने लिहिले गेले. पुढे त्या रोमन रूपावरून कोणी पुन्हा देवनागरी केले, की 'जौलका' हे तिसरेच नाव जन्माला येते. गावातील कोणीही आपल्या गावाला असे म्हणत नाही. तरी शोधताना हे रूपही टाकून पाहावे लागते.

बोलीचा प्रश्न निराळा आहे. वऱ्हाडीत 'ळ'च्या जागी 'य' येण्याची प्रवृत्ती आपणांस ठाऊक आहे : डोळा - डोया, शाळा - शाया. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण ऐकून कोणी बाहेरगावचा लेखनिक ते कागदावर उतरवीत असेल, तर तो ऐकलेले लिहील की 'शुद्ध' करून लिहील, हे त्याच्या शिक्षणावर अवलंबून असते. त्याने शुद्ध केले तर बोली हरवते. न केले तर प्रमाण शब्दाने शोधणाऱ्याला ती ओळ सापडत नाही. माझ्या मते दोन्ही रूपे शेजारी नोंदवावीत. थोडी अधिक मेहनत पडते, परंतु दुसरा प्रामाणिक मार्ग मला दिसत नाही.

एक तांत्रिक बाब येथेच सांगून ठेवतो. 'वऱ्हाड' या शब्दातील 'ऱ्ह' संगणकावर दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण आतील संकेत भिन्न असल्याने एक लिहून दुसरे सापडेलच याची खात्री नसते. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मजकूर तर मराठी शब्दाने मुळीच सापडत नाही. अशा वेळी दोष आपल्या शुद्धलेखनाचा नसतो. प्रौढ विद्यार्थी तो स्वतःकडे घेतात, असा अनुभव आहे. म्हणून हे मुद्दाम लिहिले.

४.२ गाव तेथेच, जिल्हा मात्र दुसरा

नावाची रूपे जमविल्यावर दुसरा प्रश्न येतो : गाव कोणत्या प्रदेशाच्या सदरात शोधावे? १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. त्यामुळे १९९१च्या जनगणनेतील या भागाची माहिती 'वाशीम जिल्हा' असे लिहून शोधली, तर हाती काही लागणार नाही. ती अकोल्याच्या खंडात आहे. आणखी मागे गेल्यास वाशीम पुन्हा जिल्हा म्हणून भेटते, कारण १९०५पर्यंत वऱ्हाडात 'बासीम' नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. त्या वर्षीच्या पुनर्रचनेत तो मोडला, वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्याकडे गेले आणि पुसद यवतमाळकडे गेले. प्रांताचे नावही स्थिर नाही. १८५३नंतर 'हैदराबाद ॲसाइन्ड डिस्ट्रिक्ट्स', १९०३पासून मध्य प्रांताशी जोडलेला वऱ्हाड, १९५६मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १९६०मध्ये महाराष्ट्र, असा हा प्रवास आहे. गावकरी आपल्या जागेवरून हलले नाहीत. त्यांच्या कागदांचे पत्ते मात्र सारखे बदलत राहिले.

म्हणून कालखंडानुसार शोधशब्द बदला. ए. सी. लायल यांनी संपादिलेले वऱ्हाडचे गॅझेटिअर १८७०चे आहे. ब्राऊन आणि नेल्सन यांचे अकोला जिल्ह्याचे गॅझेटिअर १९१०चे. पहिल्यात 'बासीम' शोधावे लागेल, दुसऱ्यात 'अकोला'. 'मालेगाव' या शब्दाने केलेला शोध तर बहुधा नाशिक जिल्ह्यातील प्रसिद्ध मालेगावात जाऊन पोहोचतो.

'जऊळका रेल्वे' हे जोडनाव या दृष्टीने बोलके आहे. नाशिक जिल्ह्यात 'जऊळके दिंडोरी' आणि 'जऊळके वणी' अशी नावे आढळतात. सारख्या नावाची गावे वेगळी ओळखता यावीत म्हणून लोक शेजारच्या मोठ्या गावाचे नाव जोडतात, किंवा बुद्रुक आणि खुर्द हे फारसीतून आलेले शब्द जोडतात. आपल्या गावाच्या वाट्याला ही खूण म्हणून रेल्वे आली. यावरून एक साधे अनुमान निघते. लोहमार्ग येण्यापूर्वीच्या कोणत्याही कागदात 'रेल्वे' हे पद असणे शक्य नाही. तेव्हा जुना शोध केवळ मूळ नावानेच घ्यावा. उलट, जुन्या म्हणून दाखविल्या गेलेल्या एखाद्या नोंदीत हे पद दिसले, तर ती नोंद नंतर लिहिलेली किंवा सुधारलेली आहे असे समजावे. 'बुद्रुक' व 'खुर्द' हे शब्द बहुतेकदा 'बु.' आणि 'खु.' असे संक्षेपाने येतात, हेही विसरू नये.

२०११च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक दिला आहे. नावाच्या गोंधळातून सुटण्याचा तो चांगला उपाय होय. परंतु आजीच्या आठवणीत संकेतांक नसतो.

४.३ शोधणे आणि चाळणे

'चाळणे' हे क्रियापद मराठीत धान्यालाही लागते आणि पुस्तकालाही. ऑनलाइन संग्रहात शोधपेटीखेरीज बहुधा विषय, गाव, व्यक्ती, काळ अशी सदरेही असतात. शोधपेटी आपण विचारलेले देते. सदरे चाळताना जे विचारण्याचे आपल्याला सुचलेच नव्हते, तेही हाती येते.

याचा उत्तम नमुना म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. हा संग्रह आता 'पारी' या ऑनलाइन ग्रामीण संग्रहालयाच्या प्रकल्पातून वाचकांपुढे येत आहे. त्यात केवळ 'विठ्ठल' हा शब्द शोधला, तर 'विठू', 'पांडुरंग' आणि 'सावळा' म्हणणाऱ्या ओव्या सुटतात. संग्राहकांनी ओव्यांचे आशयानुसार वर्गीकरण केले, ते या कारणाने मोलाचे ठरते. तथापि वर्गीकरण हीदेखील कोणाची तरी दृष्टी असते. एकच ओवी भाऊ, माहेर आणि दारिद्र्य या तिन्ही सदरांत बसू शकते. ती कोठे ठेवली यावरून ठेवणाऱ्याला तिच्यात काय महत्त्वाचे वाटले ते कळते.

या संग्रहात ओवीसोबत गाणाऱ्या स्त्रीचे नाव आणि गाव नोंदविण्याकडे लक्ष दिले गेले. सरकारी दप्तरात ही गोष्ट विरळा. तेथे स्त्री आढळलीच तर बहुधा कोणाची तरी बायको किंवा आई म्हणून आढळते. त्यातच आपल्याकडे लग्नानंतर आडनावच नव्हे, तर पुष्कळदा पाळण्यातले नावही बदलण्याची रीत आहे. आपल्या आजीचा शोध घेणाऱ्या नातवाला तिचे माहेरचे नाव ठाऊक नसेल, तर तिच्या आयुष्याची पहिली पंधरा-वीस वर्षे त्याच्या दृष्टीने दप्तरातून गेलेलीच असतात. हे नाव कोणत्याही शोधयंत्रात मिळणार नाही. ते घरातील वडीलधाऱ्या स्त्रीलाच विचारावे लागेल, आणि तेही लवकर.

४.४ स्वाध्याय

आपल्या गावाच्या नावाची, आपण स्वतः ऐकलेली वा पाहिलेली सर्व रूपे एका वहीत लिहा : बसची पाटी, सातबारा, शाळेचा दाखला, लग्नपत्रिका आणि वृद्धांच्या तोंडचा उच्चार. प्रत्येक रूपापुढे ते कोठे मिळाले हे नोंदवा. १९०५, १९५६, १९६० आणि आजचा काळ यांपैकी प्रत्येक टप्प्यावर गाव कोणत्या तालुक्यात, जिल्ह्यात व राज्यात होते याचे टिपण करा. त्यानंतर कोणत्याही एका ऑनलाइन संग्रहात यांतील किमान चार रूपांनी शोध घ्या आणि न सापडलेल्या रूपांचीही नोंद ठेवा. शेवटी घरातील एका वृद्ध स्त्रीचे जन्मनाव, सासरचे नाव आणि दोन्ही गावे तिच्या संमतीने, तिच्याच उच्चारात लिहून घ्या. उत्तरपुस्तिकेसोबत ही वही संपर्कसत्राला आणावी.