थंड प्लग व गरम प्लग

भोकरदनच्या बाजारांत मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या कोणत्याहि दुकानाशीं घटकाभर उभें राहिल्यास 'प्लग बदलून द्या' हें वाक्य कानीं पडतेंच. गिऱ्हाईक किंमत विचारतें, दुकानदार डबी पुढें करितो, आणि आटे बसले कीं काम झालें असें उभयतां मानितात. परंतु केवळ आट्यांवरून प्लग निवडणें म्हणजे पायाच्या मापावरून औषध निवडण्यासारखेंच होय. ही निवड कशी करावी हें समजण्यासाठीं येथें उदाहरण मुद्दाम अवघड घेतलें आहे, तें फिरत्या इंजिनाच्या जुन्या मोटारगाडीचें. कारण तेथें झालेली चूक लवकर भोंवते.

प्लगाचीं कामें दोन. ठिणगी पाडणें हें सर्वांस ठाऊक आहे. दुसरें काम आपल्या अंगची उष्णता इंजिनाच्या धातूंत सोडून देणें हें होय. प्लगाच्या आंतील पांढरें नाक लांब असेल तर उष्णता सावकाश बाहेर पडते. तो गरम प्लग. नाक आंखूड असेल तर ती झटकन निघून जाते. तो थंड प्लग. नाकाची उष्णता सुमारें ४५० अंशांखालीं राहिली तर काजळी जळून जात नाहीं व ठिणगी काजळींतून वाट काढते. ती ८५० अंशांच्या फार वर गेली तर ठिणगीची वाट न पाहतां लाल झालेला प्लगच मिश्रण पेटवितो. असें अवेळीं पेटणें इंजिनाच्या जिवावर येतें.

जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांचें फिरतें इंजिन १९५७ सालीं एन्‌एस्‌यू कंपनींत प्रथम चाललें. त्यांत वरखालीं होणारा दट्ट्या नसून तीन टोंकांची चकती फिरते. हें इंजिन आपल्या प्रांतास अगदींच अपरिचित नाहीं. 'निशांत' या वैमानिकाविना उडणाऱ्या विमानासाठीं असें इंजिन देशांतच तयार झालें. गाभा बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनें केला, आणि ठिणगीची व इंधनाची व्यवस्था अहिल्यानगर (पूर्वींचें अहमदनगर) येथील संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन संस्थेनें सिद्ध केली. २००९ च्या एप्रिलांत कोलारजवळ तें विमान या इंजिनावर उडालें.

या इंजिनांत प्लगाला विसांवा कसा तो नसतो. चार फेरींच्या मोटारसायकलींत मुख्य दांड्याच्या दोन वेढ्यांत एकदां ठिणगी लागते, आणि मधल्या वेळीं थंड मिश्रण प्लगावरून जातें. फिरत्या इंजिनांत प्रत्येक वेढ्यास ज्वाला उठते, तीहि नेहमीं त्याच बाजूस. थंड मिश्रण दुसऱ्याच बाजूनें आंत येतें. म्हणून येथें थंड प्रकृतीचे प्लग लागतात. शिवाय चकतीच्या टोंकांवरील पट्ट्या प्लगाच्या भोंकावरून घासत जातात. प्लगाचें टोंक जरा पुढें आलें तर पट्टी तुटेल. यास्तव या प्लगांची घडणच निराळी असते, व आटे जुळले तरी साधा प्लग येथें घालूं नये.

माझ्दा कंपनीच्या गाड्यांत प्रत्येक चकतीस दोन प्लग असतात. (दोन प्लगांची गोष्ट आपणांस नवी नाहीं, बजाज कंपनीनें २००३ सालीं पल्सरच्या एका सिलिंडरला दोन प्लग दिले.) खालचा आधीं पेटतो, वरचा मागाहून. १९९१ सालीं निघालेल्या आर्‌एक्स-७ मध्यें एन्‌जीके कंपनीचा खालीं ७ व वर ९ आंकड्याचा प्लग येतो. या कंपनीच्या प्लगावर आंकडा मोठा तितका प्लग थंड; बॉश व चॅम्पियन यांची रीत नेमकी उलट! ही उलटापालट ध्यानांत न घेतल्यामुळें पुष्कळ शहाणीं माणसें फसतात.

कांहीं मालक दोन्ही ठिकाणीं ९ च बसवितात. शर्यतींत पळणाऱ्या गाडीस तें शोभतें. परंतु बाजारापर्यंत जाऊन परतणाऱ्या गाडींत असे प्लग लवकर काळे पडतात. कारण पट्ट्यांना वंगण मिळावें म्हणून हें इंजिन थोडें तेल जाणूनबुजून जाळीत असतें. माझ्या मतें मूळ पुस्तकांतील आंकडा सोडण्यास सबळ कारण पाहिजे.

जुना प्लग काढल्यावर त्याचा रंग पाहावा. फिकट तपकिरी असेल तर निवड योग्य आहे. नाक पांढरेंफटक व फोडाळलेलें दिसल्यास गाडी तशीच पळवूं नये. पट्टी चिरली तर सबंध इंजिन उघडावें लागतें, व तो खर्च चार प्लगांच्या किंमतीच्या कितीतरी पट होतो. कोरडी काजळी दिसली तर आंकडा बदलण्यापूर्वीं इंधनाचें प्रमाण तपासावें. कोणता प्लग खालचा व कोणता वरचा होता हें वहींत टिपून ठेवावें, आणि नवा प्लग इंजिन थंड असतांनाच, आधीं बोटांनीं फिरवून, मग पान्यानें बेताचा आंवळावा.