घटक ४ : जुन्या फॉन्टमधील मराठी मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• जुन्या फॉन्टमधील मजकूर आणि युनिकोड मजकूर यांतील मूलभूत भेद सांगता येईल.
• रूपांतराच्या पायऱ्या क्रमाने स्पष्ट करता येतील.
• रूपांतरित मजकुरातील नेहमीचे दोष ओळखून दुरुस्त करता येतील.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण मुद्रितशोधनाच्या खुणांचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात त्याच कौशल्याचा उपयोग एका निराळ्या क्षेत्रात करावयाचा आहे.

समजा, वऱ्हाडी बोलीतील म्हणींचा एक संग्रह २००१ साली नागपुरातील सीताबर्डीवरच्या एखाद्या टंकलेखन केंद्रात संगणकावर टंकित झाला. संग्राहक आज हयात नाहीत, हस्तलिखित गहाळ झाले आहे. उरली आहे ती केवळ एक फाइल. ती नव्या संगणकावर उघडताच पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसते. मजकूर नष्ट झालेला नाही. पण तो वाचता येत नाही, शोधता येत नाही, इतरांस पाठविता येत नाही. असा मजकूर पुन्हा वाचनीय करणे म्हणजे रूपांतर. हे काम यंत्राच्या साहाय्याने होत असले, तरी ते पूर्ण करण्यासाठी मराठीचा जाणकारच लागतो, हे या घटकाचे मुख्य प्रतिपादन आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ रूपाचे संकेतन आणि वर्णाचे संकेतन

संगणक अक्षरे नव्हे, तर अंक साठवितो. कोणत्या अंकाने कोणते अक्षर समजावयाचे, हे ठरविणाऱ्या व्यवस्थेला संकेतन म्हणतात. जुन्या फॉन्टमध्ये साधारणपणे २५६ पर्यंतच जागा उपलब्ध असत. देवनागरीतील सर्व जोडाक्षरे त्यांत मावणे अशक्य होते. म्हणून फॉन्टकारांनी अक्षरांचे तुकडे केले : काना, वेलांटी, रफार, अर्धी अक्षरे. हे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसविले. फाइलमध्ये साठवले जाई ते इंग्रजी अक्षर. फॉन्ट त्यास मराठीचे रूप देई. म्हणूनच फॉन्ट नाहीसा होताच मराठीही दिसेनाशी होते. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘नागपूर’ हा शब्द यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे या सहा लहान इंग्रजी अक्षरांनी साठविला जातो.

शिवाय प्रत्येक निर्मात्याची मांडणी निराळी होती. नागपूरसारख्या शहरात ही अडचण दुहेरी होते. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि येथे मराठी व हिंदी या दोन्ही भाषा आजही नांदतात. त्यामुळे हिंदी टंकलेखनात रूढ असलेला फॉन्ट मराठी मजकुरासही वापरलेला आढळू शकतो.

भारतीय लिप्यांसाठी समान संकेतन असावे, या हेतूने इस्की हे मानक तयार झाले. त्याची सुधारित आवृत्ती १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. देवनागरीच्या मुख्य विभागात १२८ जागा आहेत. त्या तुकड्यांना नव्हे, तर स्वर, व्यंजने, स्वरचिन्हे अशा लिपीच्या घटकांना दिलेल्या आहेत. थोडक्यात, जुना फॉन्ट डोळ्यांना दिसणारा क्रम साठवितो, तर युनिकोड उच्चाराचा क्रम साठवितो.

४.२.२ एक उदाहरण : ‘विदर्भ’

कृतिदेवमध्ये ‘विदर्भ’ या शब्दाचे सहा घटक पुढील क्रमाने येतात : पहिली वेलांटी, व, द, अर्धा भ, काना, रफार. युनिकोडमध्येही घटक सहाच आहेत. परंतु त्यांचा क्रम असा : व, पहिली वेलांटी, द, र, हलन्त चिन्ह, भ.

घटकांची संख्या समान असली, तरी रचना निराळी आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. वेलांटी डावीकडे दिसते. परंतु तिचा उच्चार ‘व’नंतर होतो. रफार ‘भ’च्या डोक्यावर शेवटी काढला जातो, परंतु त्यातील ‘र’ ‘भ’पूर्वी उच्चारला जातो. म्हणून केवळ एका चिन्हाच्या जागी दुसरे चिन्ह ठेवून भागत नाही.

४.२.३ रूपांतराच्या पायऱ्या

(१) मूळ फाइलची प्रत करून तिच्यावरच काम करावे. मूळ फाइल कधीही बदलू नये.

(२) फॉन्टचे नेमके नाव ओळखावे. फॉन्ट चुकीचा धरल्यास पुढील सर्व श्रम वाया जातात.

(३) मजकुरातील खरी इंग्रजी नावे व शब्द वेगळे काढावेत. अन्यथा त्यांचेही निरर्थक देवनागरी रूपांतर होते.

(४) चिन्हांची अदलाबदल करावी. मोठे गट आधी घ्यावेत. ‘अर्धा भ आणि काना’ या जोडीचा प्रथम ‘भ’ करावा. सुटा काना आधी बदलल्यास अर्धा ‘भ’ आणि त्यास चिकटलेला काना असे विजोड रूप शिल्लक राहते.

(५) क्रम बदलावा. पहिली वेलांटी पुढील संपूर्ण जोडाक्षरापलीकडे न्यावी. रफार मागे नेताना मधली स्वरचिन्हे व संपूर्ण जोडाक्षर ओलांडावे.

(६) शेवटी मूळ छापील प्रत उपलब्ध असल्यास तिच्याशी ताडून मुद्रितशोधन करावे.

यांतील चौथी व पाचवी पायरी रूपांतरक आज्ञावली करते. उर्वरित सर्व पायऱ्यांत माणसाचा निर्णय आवश्यक असतो.

४.२.४ नेहमी आढळणारे दोष

(अ) वेलांटीचा दोष : वेलांटी संपूर्ण जोडाक्षराऐवजी केवळ अर्ध्या अक्षरापलीकडे गेल्यास ‘स्थिती’चे ‘सि्थती’ होते.

(आ) रफार आणि अर्धा ऱ : ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना, ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. ‘दर्या’ म्हणजे समुद्र; ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. अर्ध्या ऱ ऐवजी रफार आल्यास अर्थ बदलतो आणि दोन्ही शब्द शुद्ध असल्याने शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली तो दोष दाखवीत नाही. ‘वऱ्हाड’चे ‘वर्हाड’ होणे हाही याच प्रकारचा दोष होय.

(इ) एकसारखे दिसणारे, पण भिन्न संकेतांचे अक्षर : ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली समाविष्ट झाले. तत्पूर्वीच्या मजकुरात ते ‘अ’ आणि चंद्र यांच्या जोडणीने लिहिलेले असते. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, पण ‘ॲड.’ असा शोध घेतल्यास जुन्या पद्धतीने लिहिलेली वकिलांची नावे सापडतीलच असे नाही. यासाठी संपूर्ण मजकुरात एकच पद्धत ठेवावी.

बोलीतील मजकुराबाबत विशेष दक्षता घ्यावी. प्रमाण मराठीशी न जुळणारे प्रत्येक रूप रूपांतराचा दोष नसते. संग्राहकाने जाणीवपूर्वक लिहिलेले बोलीरूप ‘शुद्ध’ करणे म्हणजे जे जतन करावयाचे, तेच पुसून टाकणे होय.

४.३ सारांश

जुन्या फॉन्टमध्ये अक्षरांचे दृश्य तुकडे साठविले जात. युनिकोडमध्ये लिपीचे घटक उच्चारक्रमाने साठविले जातात. त्यामुळे रूपांतरात चिन्हबदल आणि क्रमबदल या दोन्ही क्रिया कराव्या लागतात. यंत्र नियम पाळते. अर्थाची पारख मात्र वाचकालाच करावी लागते.

४.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(१) जुन्या फॉन्टमध्ये ‘मूर्ती’ हा शब्द म, दुसरा उकार, त, दुसरी वेलांटी, रफार या क्रमाने आहे. युनिकोडमधील क्रम लिहा.
(२) शुद्धलेखन तपासणाऱ्या आज्ञावलीला ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतील दोष का सापडत नाही?

उत्तरे : (१) म, दुसरा उकार, र, हलन्त चिन्ह, त, दुसरी वेलांटी. (२) दोन्ही शब्द मराठीत शुद्ध असून योग्य रूप केवळ संदर्भावरून ठरते.

४.५ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील ग्रंथालय, मंडळ किंवा परिचित लेखक यांच्याकडून परवानगीने जुन्या फॉन्टमधील एक पान मिळवा. त्याचे रूपांतर करून आढळलेल्या दोषांची वर्गवारी करा आणि आपण कोणती रूपे बदलली, कोणती तशीच ठेवली, याची कारणे दोन पृष्ठांत लिहा.