कोड बदललात? मग हार्डवेअरची मर्यादाही लिहा!



स्वतःचं छोटं इलेक्ट्रॉनिक प्रॉडक्ट बनवून विकायचं मनात आहे ना? मग आजचा धडा तुमच्यासाठीच आहे.

कोडमध्ये एकाने बदल करायचा आणि मशिनमध्ये टाकण्याआधी दुसऱ्याने तो तपासायचा, याला रिव्ह्यू म्हणतात. टीम दोघांचीच असली तरी ही सवय लावून घ्या. पण तपासणाऱ्याला फक्त कोड दिसतो, चिपची मर्यादा दिसत नाही. ती आपणच लिहून द्यायची असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही शेतातल्या पंपासाठी कंट्रोलर बनवताय. त्यात अर्डुइनो उनो बोर्ड आहे. पंप एकूण किती मिनिटं चालला, हा आकडा लाइट गेली तरी राहावा म्हणून तुम्ही तो ईईप्रॉम मेमरीत साठवता. या बोर्डवरच्या एटीमेगा ३२८पी चिपच्या डेटाशीटमध्ये ईईप्रॉमची मर्यादा दिली आहे: १,००,००० वेळा लिहिणं-पुसणं. त्यापुढे खात्री नाही.

आता हिशोब करा. पंप रोज ८ तास चालतो आणि कोड दर मिनिटाला एकाच जागी लिहितो, म्हणजे दिवसाला ४८० वेळा. साधारण २०८ दिवसांत मर्यादा संपली! तुम्ही वॉरंटी मात्र एक वर्षाची दिली आहे.

म्हणून तुम्ही कोड बदलून दर ३० मिनिटांनी लिहायचं ठरवलं. दिवसाला १६ वेळा, म्हणजे १७ वर्षं निघतील. बदल छान आहे, पण सोबत नोंद काय लिहिली? "हार्डवेअर प्रॉब्लेममुळे बदल."

इथेच चूक होते. उद्या पार्टनर म्हणेल, "३० कशाला? १ करू, हिशोब अचूक येईल." टेबलावर सगळं नीट चालेल, टेस्टही पास होईल. सात महिन्यांनी मात्र गिऱ्हाइकांचे फोन सुरू होतील.

त्याऐवजी अशी नोंद लिहा:

१. कोणतं हार्डवेअर: अर्डुइनो उनो, एटीमेगा ३२८पी चिप.
२. मर्यादा: ईईप्रॉममध्ये एका जागी १,००,००० वेळा लिहिता येतं. आधार: चिपचं डेटाशीट.
३. काय केलं: दर मिनिटाऐवजी दर ३० मिनिटांनी लिहितो.
४. तोटा: मध्येच लाइट गेली तर जास्तीत जास्त ३० मिनिटांचा हिशोब बुडेल.
५. काय तपासलं, काय नाही: पंप चालू असताना वीज तोडून पाहिली. दुसऱ्या बोर्डवर तपासलेलं नाही.
६. हे कधी बदलता येईल: जास्त वेळा लिहिता येणारी मेमरी बसवली तर.

चौथा मुद्दा लपवू नका. तोटा आधीच सांगितला तर पार्टनर विचार करून होकार देतो, आणि गिऱ्हाइकालाही तुम्ही खरं सांगू शकता.

आणखी एक. "मेमरी कमी टिकते" असं मोघम लिहू नका, आकडा लिहा. आकडा डेटाशीटचा की तुम्ही स्वतः मोजलेला, तेही लिहा. आणि त्या ३० च्या शेजारी कोडमध्येच एक ओळ टाका: "कमी करू नका, ईईप्रॉमची मर्यादा."

आजचा गृहपाठ: तुमच्या प्रॉडक्टमधली एक मर्यादा शोधा आणि या सहा ओळींत लिहा. दहा मिनिटांचं काम आहे, पण वॉरंटीचा खर्च वाचवतं.

भेटूया पुढच्या धड्यात!