दुर्मिळ वस्तूंचा व्यापार आणि सम्यक आजीविका

धम्म म्हणजे केवळ विहारातील वंदना नव्हे. दुकानाच्या गल्ल्यावर, बँकेच्या खिडकीवर आणि बाजारातल्या सौद्यात माणूस कसा वागतो, तेथे त्याच्या शीलाची खरी परीक्षा होते. तथागतांनी सांगितलेल्या आर्य अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका हे पाचवे अंग आहे ते याच कारणासाठी. पोट भरण्याचा मार्ग शुद्ध नसेल तर बाकीची सात अंगे लंगडी पडतात.

या लेखात आम्ही आजीविकेच्या एका लहान वाटणाऱ्या पण अलीकडे फार वाढलेल्या प्रश्नाचा विचार करणार आहोत. स्मारक नाणे, टपाल तिकीट, एखाद्या ग्रंथाची आवृत्ती अशा वस्तू मोजक्याच संख्येने निघतात. त्या मूळ किमतीत घेऊन ठेवायच्या आणि मिळेनाशा झाल्या की दुप्पट-चौपट भावाने विकायच्या, हा व्यवहार नीतीला धरून आहे काय? पूर्वी यासाठी मोठ्या शहरातील जाणकार व्यापारी लागत. आता हातात मोबाईल असला की खेड्यातला तरुणही जाहिरात टाकू शकतो. "घेणारा राजीखुशीने घेतो, मग आमचे काय चुकले?" असा प्रश्न तरुण मंडळी विचारतात. प्रश्न योग्य आहे. त्याला रागावून नव्हे, विचार करून उत्तर दिले पाहिजे.

१. नाण्यांचे उदाहरण

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९० हे साल कोरलेले एक रुपयाचे नाणे निघाले. पुढे १२५ व्या जयंतीच्या वर्षात, ६ डिसेंबर २०१५ रोजी, पंतप्रधानांच्या हस्ते दहा रुपयांचे व सव्वाशे रुपयांचे अशी दोन नाणी प्रकाशित झाली. यातील दहाचे नाणे रोजच्या चलनासाठी होते. सव्वाशेचे नाणे बाजारात फिरण्यासाठी नव्हे, तर संग्रहासाठी होते. अशी नाणी सरकारी टांकसाळ आगाऊ नोंदणी घेऊन, दर्शनी किमतीपेक्षा अधिक दराने विकते.

दहाच्या नाण्याची कथा फार उद्बोधक आहे. काही वर्षांपूर्वी दहाची नाणी खोटी आहेत अशी अफवा देशभर पसरली आणि अनेक ठिकाणी दुकानदार ती घेईनात. शेवटी रिझर्व्ह बँकेला १७ जानेवारी २०१८ रोजी जाहीर करावे लागले की, तोपर्यंत निघालेली चौदा वेगवेगळ्या नमुन्यांची दहाची नाणी सर्व वैध आहेत. त्यात बाबासाहेबांचे नाणेही आले. बँकेच्या खिडकीवर बसणाऱ्या आम्हा लोकांना हे रोज समजावून सांगावे लागे. जे नाणे भाजीवाला दहा रुपयांना घेत नव्हता, तेच नाणे 'दुर्मिळ' म्हणून जाहिरातीत दहाच्या कितीतरी पट किमतीला मांडलेले दिसे. नाणे एकच. नाकारणाऱ्याला त्याची खरी किंमत ठाऊक नव्हती, आणि जास्त पैसे मोजणाऱ्यालाही ठाऊक नव्हती. अज्ञानावर चालणारा व्यापार तो हाच.

यातून फसवणुकीचाही रस्ता निघाला. जुन्या नोटा व नाणी खरेदी करतो असे सांगून, रिझर्व्ह बँकेचे नाव व चिन्ह वापरून, लोकांकडून शुल्क, दलाली किंवा कर उकळण्याचे प्रकार घडू लागले. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जनतेला सावध केले की, अशा व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही व त्यासाठी बँक कोणाकडूनही पैसे घेत नाही. सभासदांनी ही गोष्ट घरातील मुलांना आवर्जून सांगावी.

कायद्याचे बोलायचे तर, चलनातील नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा २०११ च्या नाणे अधिनियमानुसार गुन्हा आहे. पण संग्राहकाने संग्राहकाला नाणे जास्त किमतीत विकले म्हणून कोणी त्याला पकडत नाही. म्हणजे येथे कायदा थांबतो आणि शीलाचा प्रश्न सुरू होतो.

२. ग्रंथांचे उदाहरण

नाणे नाही मिळाले तर कोणाचे फारसे अडत नाही. ग्रंथाचे तसे नाही. महाराष्ट्र शासनाने १९७६ साली बाबासाहेबांचे लेखन प्रसिद्ध करण्यासाठी समिती नेमली. वसंत मून यांच्या संपादनाखाली पहिला खंड १४ एप्रिल १९७९ रोजी बाहेर पडला आणि पुढे ही मालिका बावीस खंडांपर्यंत गेली. या खंडांची किंमत मुद्दाम कमी ठेवली गेली. उद्देश हा की शेतमजुराच्या मुलालाही ते विकत घेता यावेत. किमतीतली सूट ही जनतेच्या पैशातून दिलेली आहे.

परंतु मागणीच्या मानाने छपाई झाली नाही. खंड मिळेनासे झाले. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या रखडलेल्या छपाईची स्वतःहून दखल घेतली. अशा वेळी एखाद्याने विक्रीच्या पहिल्या दिवशी पन्नास संच उचलले, घरात रचून ठेवले आणि वर्षभराने तिप्पट भावाने विकले, तर त्याने काय केले? त्याने ग्रंथ लिहिला नाही, छापला नाही, दूर खेड्यात पोचवलाही नाही. उलट ज्या वाचकासाठी तो स्वस्त केला होता, त्याच्या व ग्रंथाच्या मध्ये तो उभा राहिला. शासनाने विद्यार्थ्याला दिलेली सूट त्याने आपल्या खिशात घातली. इंग्रजी खंड आज संगणकावर विनामूल्य वाचता येतात, हे खरे. पण म्हणून कागदावरचा ग्रंथ अडवून ठेवण्याचे समर्थन होत नाही.

सिनेमाच्या थिएटरबाहेर 'ब्लॅक'ने तिकिटे विकणाऱ्याला आपण नावे ठेवत असू. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत झालेल्या कोल्डप्ले या परदेशी वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाची तिकिटेही अशीच अवाच्या सवा भावाने मांडली गेली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. गाणे ऐकायला न मिळालेल्यासाठी आपण हळहळतो. मग ग्रंथ न मिळालेल्या विद्यार्थ्यासाठी किती हळहळले पाहिजे?

३. धम्म काय सांगतो?

भगवान बुद्धांनी व्यापाराला किंवा नफ्याला विरोध केला नाही. अंगुत्तर निकायात उपासकाने कोणते पाच व्यापार करू नयेत ते सांगितले आहे : शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष. दुर्मिळ वस्तू त्यात नाहीत. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात तर मिळकतीचे चार भाग करून दोन भाग व्यवसायात घालावेत असा गृहस्थाला स्पष्ट उपदेश आहे. म्हणून 'नफा म्हणजे पाप' असे कोणी म्हणत असेल तर ते धम्माला धरून नाही.

मात्र मज्झिम निकायातील महाचत्तारीसक सुत्तात मिथ्या आजीविकेची जी लक्षणे दिली आहेत, त्यात ढोंग आणि गोड बोलून फसवणे यांबरोबर लाभाने लाभ मिळवण्याची हाव हेही एक लक्षण आहे. हा उपदेश मुख्यतः भिक्खूंसाठी असला तरी गृहस्थानेही तो लक्षात ठेवावा.

या विषयाला अगदी जुळणारी एक जातककथा आहे. सेरी देशाचे दोन फेरीवाले एका नगरात फिरत होते. एका घरात पूर्वी श्रीमंती होती. आता फक्त आजी व नात उरल्या होत्या. नातीला दागिना हवा होता, पण पैसे नव्हते. घरात काळवंडलेले एक जुने भांडे होते, ते त्यांनी पहिल्या फेरीवाल्याला दाखवले. त्याने सुईने ओरखडा काढून पाहिला. भांडे सोन्याचे होते. 'याची काहीच किंमत नाही' असे म्हणून त्याने ते फेकले आणि निघून गेला. नंतर येऊन फुकटात घ्यायचा त्याचा बेत होता. मागून दुसरा आला. त्याने सांगितले, "बाई, हे एक लाखाचे आहे, माझ्याजवळ एवढे पैसे नाहीत." आजी म्हणाली, जे असेल ते दे. त्याने जवळचे पाचशे कार्षापण आणि तेवढ्याच किमतीचा माल देऊन टाकला. स्वतःकडे फक्त आठ कार्षापण, तराजू आणि पिशवी ठेवली.

या कथेतील एक गोष्ट नीट पाहावी. दुसऱ्या फेरीवाल्यालाही मोठा लाभ झालाच. हजारात त्याला लाखाचे भांडे मिळाले. तरी तो निर्दोष ठरला, कारण त्याने किंमत लपवली नाही आणि होते तेवढे दिले. दोष नफ्यात नव्हता, लपवण्यात होता. आजही गावोगाव जुने रुपये, जुनी पितळी भांडी घेत फिरणारे लोक येतात. एखाद्या म्हातारीच्या माळेतला राणीछाप रुपया अकरा ग्रॅमहून जड आणि बहुतांशी चांदीचा असतो, हे घेणाऱ्याला ठाऊक असते आणि तिला नसते. सेरीच्या दोन फेरीवाल्यांपैकी आपण कोण, हे तेथे ठरते.

दुसरी एक कथा मात्र आपल्याला अडचणीत टाकते आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चुल्लसेट्ठी जातकात एक गरीब तरुण मेलेल्या उंदरापासून भांडवल उभे करतो. पुढे पाचशे घोडे घेऊन व्यापारी येणार असे कळताच तो गवत कापणाऱ्यांकडून एकेक पेंढी मागून घेतो आणि माझे गवत विकले जाईपर्यंत तुम्ही विकू नका असे सांगतो. गवताला हजार मिळतात. म्हणजे साठेबाजीच! आमच्या मते ही कथा थोड्या भांडवलावर उद्योग कसा वाढवावा हे शिकवते. त्यातील प्रत्येक पाऊल गिरवायला सांगत नाही. शिवाय तेथे अडलेला घोड्यांचा धनाढ्य व्यापारी होता, वहीपुस्तकासाठी पैसे साठवणारा विद्यार्थी नव्हता. कोण अडले, हा फरक लहान नाही.

४. चार कसोट्या

वरील विवेचनावरून दुर्मिळ वस्तू विकणाऱ्याने स्वतःला चार प्रश्न विचारावेत असे आम्हास वाटते.

पहिला : ही वस्तू सर्वांना मिळावी म्हणून स्वस्त ठेवलेली होती काय? असेल तर तिची साठेबाजी म्हणजे दुसऱ्याचा वाटा घेणे. न दिलेले घेऊ नये या दुसऱ्या शीलाशी त्याचा संबंध येतो.

दुसरा : ज्याच्याकडून घेतली त्याला, आणि ज्याला देतो त्याला, खरे सांगितले काय? 'फक्त शंभरच निघाली' असे खोटे सांगून दहाचे चालू नाणे विकणे हा चौथ्या शीलाचा भंग आहे.

तिसरा : या नफ्यात माझे श्रम किती? वीस वर्षे तिकिटे दमटपणापासून जपणारा, खरे-खोटे पारखणारा, दुरून शोधून आणणारा संग्राहक आपल्या श्रमाचे मोल घेतो. ते योग्यच आहे. नुसते पहिल्या रांगेत उभे राहणे हे श्रम नव्हेत.

चौथा : माझ्या खुर्चीचा उपयोग झाला काय? हा प्रश्न आमच्यासारख्या नोकरदारांसाठी आहे. लग्नसराईत कोऱ्या नोटांची बंडले बाहेर जादा पैसे घेऊन विकली जातात. ७८६ क्रमांकाच्या नोटांना शौकीन भाव देतात. खिडकीच्या आतील माणसाने अशा नोटा, नाणी बाजूला काढून विकली, तर तो रांगेतल्या प्रत्येक माणसाचा विश्वास विकतो. मग रक्कम पाच रुपये असो की पाच हजार.

५. दोन आक्षेप

'घेणारा राजी आहे' हा पहिला आक्षेप. सौद्यात दोघे राजी असतात हे खरे, पण ज्याच्या वाट्याची वस्तू गेली तो तिसरा माणूस सौद्याच्या जागी हजर नसतो. त्याची संमती कोणी विचारली?

'ज्याला खरी गरज आहे तो जास्त पैसे देईल' हा दुसरा. जास्त पैसे देणे ही गरजेची खूण नसून ऐपतीची खूण आहे. ज्याला ग्रंथ वाचायचा आहे आणि ज्याला तो काचेच्या कपाटात ठेवायचा आहे, त्यांच्यात पुष्कळदा दुसऱ्याचाच खिसा मोठा असतो.

मात्र अडचणीत सापडलेल्या गरीब माणसाने स्वतःजवळचे जुने नाणे किंवा ग्रंथ चांगल्या किमतीला विकला, तर त्याला बोल लावू नये. त्याने कोणाची वाट अडवलेली नसते.

६. रिद्धपूरकरांची जबाबदारी

आपले रिद्धपूर हे जुन्या पोथ्यांचे गाव आहे. महानुभाव पंथाचे हे मोठे तीर्थ असून म्हाइंभटांचे लीळाचरित्र येथे आकाराला आले. आता मराठी भाषा विद्यापीठही येथे सुरू झाले आहे. हाताने नकलून पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या अशा पोथ्यांनाही आज बाजारात भाव आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने पंचाहत्तर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांना संरक्षण दिले आहे. परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही व खाजगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाहीत. पंथ कोणताही असो, वाचण्यासाठी जपलेली अक्षरे सर्वांची ठेव आहेत.

करता येण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. ज्यांच्याकडे खंडांच्या दोन प्रती आहेत त्यांनी एक प्रत विहाराच्या वाचनालयात द्यावी किंवा छापील किमतीत विद्यार्थ्याला द्यावी. स्मारक नाणी, तिकिटे मुलांनी जरूर जमवावीत. त्यातून इतिहास कळतो. आणि बाबासाहेबांचे नाणे दुकानात कोणी नाकारले तर ते वैध आहे हे शांतपणे पटवून द्यावे. ज्यांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्यांच्या चित्राचे नाणे अफवेपायी परत येऊ नये आणि खोट्या जाहिरातीत विकलेही जाऊ नये.

विद्यार्थ्यांनी विचार करावा :

(१) सेरीच्या दुसऱ्या फेरीवाल्याला लाभ होऊनही तो निर्दोष का?
(२) स्मारक नाण्याचा साठा आणि स्वस्त ग्रंथाचा साठा यांत नीतीच्या दृष्टीने कोणता फरक आहे?
(३) चुल्लसेट्ठीच्या गवताच्या व्यवहाराला वरील चार कसोट्या लावून पाहा. आमचे मत पटत नसेल तर कारणे द्या.