ओढा, पण मोजून!



सुरुवातीलाच कबूल करते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विभागासाठी लेख देतेय म्हटल्यावर माझी रूममेट पाच मिनिटं हसत होती. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र मी स्वतः करून पाहिलेला आहे, आधी आजीवर आणि मग स्वतःवर. विषय आहे रबरी पट्ट्याचा व्यायाम. घडी केली तर मुठीत मावेल असं हे साधन, पण त्यानं डोक्यापासून पायापर्यंत सगळ्या शरीराचा व्यायाम होतो.

आमचं घर लोणारचं. हो, तेच ते उल्केनं पडलेल्या विवराचं लोणार! आजी तरुणपणी दर नवरात्रात विवरात उतरून कमळजादेवीचं दर्शन घेऊन यायची. विवर सुमारे १३७ मीटर खोल आहे. उतरणं सोपं, चढून येणं अवघड. पुढे पुढे तिनं खाली जाणं सोडलं, पण काठाजवळच्या धारेवर, म्हणजे गोमुखावर, पायऱ्या उतरून जाणं मात्र चालूच होतं. गेल्या हिवाळ्यात ती अंगणात घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण भीती बसली. दोन महिने बहुतेक वेळ पलंगावरच गेला आणि मग खुर्चीतून उठायलासुद्धा कुणाचा तरी हात लागायला लागला. धार बंद.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी तिला लाल रंगाचा, दोन मीटर लांब रबरी पट्टा दिला. तो बघून आजी म्हणाली, "काय वं हे? सायकलीची ट्यूब फाडून आणली का? अन् आता या वयात मले पैलवान करता का?" आणि मग एक वाक्य बोलली, ते माझ्या डोक्यातून गेलंच नाही. "आडाचं पाणी ओढलं म्या तीस वर्षं. तवा कोनं पट्टा देल्ला होता मले?"

या लेखाचा सगळा मुद्दा आजीच्या याच वाक्यात आहे.

ढकलणं आणि ओढणं

आपण हॉस्टेलवर काय व्यायाम करतो? (करत असलो तर!) दंड, बैठका, सूर्यनमस्कार. तिन्ही उत्तम, आणि तिन्हींना खर्च शून्य. पण मेकॅनिक्सच्या नजरेनं बघा. दंडात आपण जमिनीला ढकलतो. बैठकेत पायांनी जमिनीला ढकलतो. सूर्यनमस्कारातही हात ढकलतातच. यात ओढणं कुठेच नाही. कारण उघड आहे. ढकलायला जमीन पुरते, पण ओढायला समोर काहीतरी पकडायला लागतं.

आपल्याकडच्या तालमींना हे ठाऊक होतं. तिथे दंड-बैठकांच्या जोडीला मल्लखांब होता, दोर चढणं होतं, कुस्तीतली ओढाताण होती. आपल्या विदर्भात अमरावतीला १९१४ साली सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात आजही मल्लखांब शिकवतात. आणि ज्यांना तालमीत जायला मिळायचं नाही त्या बायकांकडे आड होता, जातं होतं. दहा लिटरची बादली वर ओढायची म्हणजे सुमारे ९८ न्यूटन बल, आणि ते दिवसातून कितीतरी वेळा. नळ आला, मिक्सर आला. चांगलंच झालं, ते कष्ट कुणाला परत नकोत. पण त्यांच्याबरोबर ओढणंही घरातून गेलं. आता आम्ही दिवसभर कॉम्प्युटरसमोर खांदे पुढे टाकून बसतो आणि "पाठ दुखते" म्हणतो. पाठीचे, दंडाच्या पुढच्या बाजूचे आणि खांद्याच्या पात्यांमधले स्नायू ओढल्याशिवाय तयार होत नाहीत.

सँडो बनियनची गोष्ट

ओढण्याचं साधन घरात आणायची कल्पना जुनी आहे. उन्हाळ्यात अर्धं बॉईज हॉस्टेल ज्या सँडो बनियनमध्ये फिरत असतं, तिचं नाव ज्या माणसावरून पडलं तो युजेन सँडो (१८६७–१९२५) जगभर गाजलेला व्यायामपटू होता. बलाचे प्रयोग तर तो दाखवायचाच, शिवाय रबराच्या आणि स्प्रिंगच्या ताणाची घरगुती साधनंही विकायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो हिंदुस्थानातही येऊन गेला.

त्याची साधनं महाराष्ट्रातही पोचली होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सँडोची पुस्तकं आणि साधनं मागवून सुमारे दहा वर्षं त्याच्या पद्धतीनं व्यायाम केला. नंतर १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि पुढे आयुष्यभर त्याचाच प्रसार केला. आज शाळाशाळांतून सूर्यनमस्कार होतात, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. माझं मत विचाराल तर दोन्ही ठेवावं. सूर्यनमस्कार आहेतच, जोडीला ओढण्यासाठी पट्टा.

वजन आणि ताण यांत फरक काय?

डंबेलचं बल म्हणजे वस्तुमान गुणिले g. ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखंच, आणि दिशा कायम खाली. पट्ट्याचं बल ताणावर अवलंबून असतं. ताणाल तसं वाढतं, आणि दिशा तुम्ही ठरवाल ती. आडवं ओढा, तिरकं ओढा, वर ढकला, काहीही चालतं.

याचा सगळ्यात मोठा पुरावा आकाशात आहे. (लोणारच्या माणसाला आकाशाचं कौतुक जरा जास्तच!) अंतराळ स्थानकात डंबेल तरंगतं, त्यामुळे ते उचलण्यात व्यायाम नाही. आणि व्यायाम नाही केला तर तिथे स्नायू आणि हाडं भराभर कमजोर होतात. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत तिथे रबराच्या ताणावर चालणारं यंत्र होतं. नंतर निर्वात सिलिंडरवर चालणारं जास्त ताकदीचं यंत्र आलं. सुनीता विल्यम्सनं एप्रिल २००७ मध्ये बोस्टन मॅरेथॉन अंतराळातच ट्रेडमिलवर पळून पूर्ण केली, तेव्हा तिला पट्ट्यावर टेकवून ठेवायला लवचिक दोरच होते. स्नायूला वजन कळत नाही, फक्त विरोध कळतो.

जिन्यातली प्रयोगशाळा

आता आपला भाग. पट्ट्यावर किलो लिहिलेले नसतात, नुसता रंग असतो. १९७० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आलेल्या थेराबँडचा क्रम पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा असा वाढत जातो. पण सगळ्या कंपन्यांचे रंग सारखे नसतात. म्हणून मोजून घ्यावं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी आजीच्या पट्ट्यावर पेनानं ६० सेंटीमीटरवर दोन खुणा केल्या, पट्टा जिन्याच्या कठड्याला बांधला आणि खाली पिशवी अडकवून तिच्यात एक-एक लिटर पाण्याच्या बाटल्या ठेवत गेले. एक लिटर म्हणजे एक किलो. एका बाटलीला दोन खुणांमधलं अंतर साधारण २५ सेंटीमीटरनं वाढलं, दोन बाटल्यांना ७५ नं आणि तीन बाटल्यांना जवळजवळ १४० नं. म्हणजे हूकचा नियम इथे लागू नाही! स्टीलच्या स्प्रिंगसारखी सरळ रेष येत नाही. रबर सुरुवातीला ताठ असतं, मग मऊ पडतं, आणि फारच ताणलं तर परत ताठ होतं. बाटल्या काढत आले तेव्हा त्याच वजनाला लांबी थोडी जास्तच दिसली. ही हिस्टेरेसिस. ताणताना घातलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही, थोडी उष्णता होऊन जाते. रबर झटकन ताणून ओठाला लावा, कोमट लागेल. (जाड रबरबँड घ्या, आजीचा पट्टा नको.)

यातून व्यायामासाठी तीन गोष्टी शिकायच्या:

१. बल किती, हे सेंटीमीटरवर नाही, मूळ लांबीच्या टक्क्यांवर ठरतं. त्यामुळे पट्टा आखूड धरला की तोच व्यायाम जड होतो.

२. पट्टा दुहेरी केला की तेवढ्याच ताणाला बल दुप्पट. (पॅरलल स्प्रिंग आठवा.)

३. सगळ्यात जास्त बल शेवटी येतं. शेवटपर्यंत ओढणं जमत नसेल तर अर्धवट ओढू नका, पट्टा थोडा लांब धरा.

खोलीतले सहा व्यायाम

१. *बसून ओढणं.* पाय पसरून बसा, पट्टा तळपायांभोवती घ्या, टोकं हातात. पाठ सरळ ठेवून कोपरं मागे न्या, खांद्याची पाती जवळ आणा. हा आपला आड!

२. *समोर ढकलणं.* पट्टा पाठीवरून काखेखालून घेऊन दोन्ही हात छातीसमोर सरळ करा.

३. *बैठक.* पट्टा पायाखाली, टोकं खांद्याजवळ. आजी-आजोबांनी पट्ट्याशिवाय, खुर्चीतून उठणं-बसणं करावं.

४. *वाकून उठणं.* पट्ट्यावर उभं राहून पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाका आणि उभे व्हा. गादी किंवा सिलेंडर उचलताना हेच लागतं.

५. *डोक्यावर ढकलणं.* पट्ट्याच्या एका टोकावर उभे राहा, दुसरं टोक एका हातानं खांद्यापासून वर न्या. खांदा दुखत असेल तर हा सोडून द्या.

६. *न वळणं.* पट्टा खिडकीच्या ग्रिलला बांधा, ग्रिल आपल्या कुशीला येईल असे उभे राहा, टोक दोन्ही हातांनी छातीशी धरून हात समोर लांब करा. पट्टा तुम्हाला वळवू बघेल, तुम्ही वळायचं नाही. पोट आणि कमर दोन्ही कामाला लागतात. मग दुसऱ्या बाजूनं.

प्रत्येकाच्या ८ ते १५ आवृत्त्या, दोन वेळा. शेवटच्या दोन-तीन जड गेल्या पाहिजेत. अगदीच सहज होत असेल तर पट्टा आखूड धरा. ओढताना श्वास सोडा, अडवून धरू नका. परत येताना तीन आकडे मोजत सावकाश या. पट्टा फटकन सोडला तर अर्धा व्यायाम वाया. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे मोठ्या माणसांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मुख्य स्नायूंचा असा व्यायाम करावा. चालणं-धावणं याशिवाय वेगळं. मध्ये एक दिवस विश्रांती ठेवा.

सांभाळा!

दर वेळी पट्टा उजेडात धरून बघा. चीर किंवा भोक दिसलं की फेकून द्या, गाठ मारून वापरू नका. तुटलेला पट्टा डोळ्यावर बसू शकतो, म्हणून तोंडाच्या दिशेनं ओढू नका. पायाखालून निसटणार नाही याची खात्री करा. ग्रिलची कड धारदार असेल तर आधी टॉवेल गुंडाळा. आपल्याकडच्या उन्हात गच्चीवर ठेवलात तर रबर लवकर खराब होईल. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर लॅटेक्स नसलेला पट्टा घ्या. बीपी, हृदयविकार, ऑपरेशन झालेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि खरं तेही सांगते. जिममध्ये शंभर किलोच्या बैठका मारणाऱ्यांच्या पायांना हा पट्टा पुरायचा नाही. हा त्यांच्यासाठी नाहीच. हा आमच्यासारख्या, "जिमला जायला वेळ नाही" म्हणत सात सेमिस्टर काढणाऱ्यांसाठी आहे.

पुन्हा लोणार

सुट्टी संपून मी हॉस्टेलवर आले. आजी एक दिवसाआड करत होती, आई मोजत होती. तीन महिन्यांनी आजीचा फोन आला, "तुह्या पट्ट्यात काही दम नाही राह्यला वं. ढिला झाला तो. नवा आन."

दिवाळीत घरी गेल्यावर मी पहिलं काम केलं ते जिन्यात बाटल्या टांगायचं. दोन बाटल्यांना ७५ च्या जागी ७८ सेंटीमीटर. बस्स! पट्टा जवळजवळ होता तसाच होता. बदलली होती ती आजी.

हे तिला समजावून सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. मग पाडव्याच्या सकाळी आम्ही धारेवर गेलो. पायऱ्या उतरताना तिनं माझा हात धरला होता. येताना दोनदा थांबली, कठड्याला टेकली, पण माझा हात घेतला नाही. वर आल्यावर पदरानं घाम पुसत एवढंच म्हणाली, "आता हिरवा पट्टा आन."

मी हिरवा आणलाय. पुढच्या सुट्टीत तोही जिन्यात मोजायचा आहे.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी